अन्नमार्गाच्या कर्करोगाशीं दुहेरी झुंज

जठराच्या कर्करोगावर शस्त्र चालवून रोगी वांचविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न व्हिएन्ना येथें २९ जानेवारी १८८१ रोजीं झाला. थिओडोर बिलरॉथ या शल्यवैद्यानें एका स्त्रीच्या जठराचा रोगग्रस्त भाग कापून उरलेलें जठर आंतड्यास जोडलें. ती उठली, जेवूं लागली. परंतु चार महिन्यांच्या सुमारास रोगानें तिला गांठलेंच. रोग जठराची वेस ओलांडून गेला म्हणजे शस्त्राचें कांहीं चालत नाहीं, हें दिसून आलें.

१८९१ सालीं न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या शल्यवैद्यानें निराळी वाट धरली. तीव्र ज्वरानंतर एखाद्या रोग्याची गांठ विरून गेल्याचें त्याला आढळलें होतें. म्हणून त्यानें रोगजंतु टोंचून शरीराचें सैन्य जागें करण्याचा यत्न केला. कांहींना गुणहि आला. पण तो त्या उपायानेंच आला काय, हें ठरविण्यास त्याच्यापाशीं तुलनेचें साधन नव्हतें. १९३६ सालीं तो वारला, आणि त्याची पद्धति मागें पडली.

मग रसायनांचा काळ आला. १९५७ सालीं फ्लुओरोयुरासिल पुढें आलें; मागाहून प्लॅटिनमयुक्त औषधें आलीं. वेगानें वाढणाऱ्या पेशी तीं मारतात. परंतु पसरलेला रोग बहुधा पुन्हा डोकें वर काढी.

१९९२ सालीं क्योतो येथें तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंत पीडी-१ या प्रथिनाचा शोध लागला. तें रक्षक पेशींचा लगाम आहे, हें पुढें कळलें. कर्करोग हाच लगाम खेंचून त्यांना स्वस्थ बसवितो. तो सोडविणारीं औषधें निघालीं. या दिशेच्या संशोधनासाठीं होंजो व जेम्स ॲलिसन यांना २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां प्रश्न असा, कीं दोन्ही उपाय एकत्र केल्यास लाभ होईल काय? तर्क होय म्हणे. पण वैद्यकांत तर्कास साक्ष लागते. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या कीनोट-०६२ या चांचणींत ७६३ रोगी होते. तींत जोडउपाय केवळ रसायनांहून सरस ठरला नाहीं. २०२१ सालीं मात्र चेकमेट-६४९ चें फळ बाहेर आलें. १५८१ रोग्यांचे दोन गट दैवयोगानें पाडले होते: एकास केवळ रसायनें, दुसऱ्यास त्यांबरोबर निव्होलुमॅब. ज्यांच्या गांठींत पीडी-एल-१ हें प्रथिन पुरेसें होतें, त्यांच्यांत आयुष्याचा मध्य ११.१ महिन्यांवरून १४.४ वर गेला. अन्ननलिकेच्या कर्करोगांतहि त्याच वर्षीं कीनोट-५९० मध्यें पेम्ब्रोलिझुमॅब जोडल्यानें तो ९.८ वरून १२.४ वर गेला.

तीन महिने! ऐकणाऱ्यास हें अल्प वाटेल. परंतु मध्य म्हणजे निम्मे रोगी त्याहून अधिक जगले. कांहीं तर कित्येक वर्षें. उलट, लगाम सुटलेलें सैन्य कधीं स्वतःच्याच फुप्फुसांवर वा आंतड्यांवर उलटतें, व औषधाची किंमतहि भारी असते. म्हणून ज्याच्या गांठींत पीडी-एल-१ पुरेसें नाहीं, त्याला लाभ थोडा होण्याचा संभव आहे, हें वैद्यानें आधीं सांगितलें पाहिजे. तें आज सांगतां येतें, याचें श्रेय ज्यांनीं कोणत्या गटांत पडूं हें न जाणतां या चांचण्यांना संमति दिली, त्या रोग्यांचें आहे.