तोरणा घेतला तेव्हा शिवराय किती वर्षांचे होते? प्रश्नमंजूषा, ॲनिमेशन आणि ‘बरोबर उत्तर’

#धागा #इतिहास #भोर #वेल्हे

१. तोरण्यावरची कोणतीही प्रश्नमंजूषा उघडली की एक प्रश्न हमखास भेटतो: हा किल्ला घेतला तेव्हा शिवरायांचे वय किती होते? चार पर्याय येतात, बोट एका बटणावर पडते आणि ‘सोळा’समोर हिरवी खूण उमटते. हीच प्रश्नमंजूषा सव्वाशे वर्षांपूर्वी तयार झाली असती, तर हिरवी खूण ‘एकोणीस’समोर उमटली असती. किल्ला तोच आणि घटनाही तीच. मग उत्तर कसे बदलले? आणि आज संगणकावर हलत्या चित्रांची प्रश्नमंजूषा घडवणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे?

२. आधी गणित पाहू. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिवरायांचा जन्म मे १६२७ मधला आणि तोरण्याचा ताबा १६४६ मधला मानला आहे. म्हणजे वय एकोणीस. आज सर्वमान्य असलेली जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे. ती धरली तर १६४६ मध्ये वय सोळा होते. तोरण्याचे वर्ष काही अभ्यासक १६४७ मानतात. तसे मानल्यास वय सतरा येते. एका साध्या प्रश्नाखाली अशा दोन तारखा दडलेल्या असतात. त्यांपैकी एक जरी हलली तरी उत्तर हलते.

३. यातली जन्मतारीख हलवणारा कागद भोर तालुक्यातला आहे. कारी हे रायरेश्वराच्या परिसरातले गाव, रोहिडखोऱ्याच्या जेधे देशमुखांचे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ मध्ये, वतनाची पर्वा न करता शिवरायांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे याच घराण्यातले. या घराण्याच्या दप्तरात एक शकावली जपलेली होती. शके १५४० ते १६१९, म्हणजे साधारण इ. स. १६१८ ते १६९७ या काळातील घटनांची ती वर्षवार टिपणे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे ती प्रसिद्ध केली.

४. शकावलीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे आणि वार शुक्रवार. पंचांगाच्या गणिताने ही तिथी १९ फेब्रुवारी १६३० या दिवशी येते आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. तिथी आणि वार जुळणे ही अशा नोंदीची पहिली कसोटी. पुढे परमानंदकृत ‘शिवभारत’ उजेडात आले. त्यातही हीच तिथी आढळली. राजस्थानातील एका कुंडलीसंग्रहाने तिला दुजोरा दिला. वाद दीर्घकाळ चालला, पण पुराव्याचे पारडे १६३० कडे झुकले आणि राज्य शासनानेही कालांतराने तीच तारीख स्वीकारली.

५. इथेही एक बारकावा उरतोच. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. आज वापरात असलेल्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत तोच दिवस १ मार्च १६३० असा येतो. दिवस एकच असला, तरी त्याची नावे दोन होतात. अभ्यासक हे एका तळटीपेत सांगून मोकळा होतो. प्रश्नमंजूषेत मात्र तळटीप नसते, असतो तो फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’.

६. हा ‘बरोबर-चूक’ स्वभाव संगणकाहून जुना आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी एक यंत्र तयार केले. खिडकीत प्रश्न दिसे आणि उत्तरासाठी चार कळा असत. यंत्राची एक मांडणी अशी होती की योग्य कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येतच नसे. ‘उत्तर बरोबर असेल तर पुढे जा, नाहीतर इथेच थांब’ हा आजच्या प्रत्येक प्रश्नमंजूषेचा गाभा त्या यंत्रात पुरता उतरला होता.

७. त्याला हलत्या चित्रांची जोड मिळाली ती बरीच नंतर. ॲनिमेशनचे मूळ तत्त्व महाराष्ट्राला मात्र जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचे रोप उगवतानाची एकेक फ्रेम टिपून ती सलग दाखवली होती. फ्रेमांचा क्रम म्हणजे हालचाल. संगणकीय प्रश्नमंजूषेने या क्रमात एक नवी गोष्ट आणली: क्रम थांबवण्याचा आणि फ्रेम निवडण्याचा अधिकार प्रेक्षकाला दिला.

८. हे घरोघरी पोहोचवणारे साधन म्हणजे ‘फ्लॅश’. १९९६ मध्ये ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ या नावाने आलेले हे सॉफ्टवेअर ‘मॅक्रोमीडिया’ कंपनीने घेतले आणि त्याचे नाव बदलले. २००० मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत ‘ॲक्शनस्क्रिप्ट’ ही आज्ञावलीची भाषा आली. त्यानंतरच्या आवृत्त्यांत तर प्रश्नमंजूषेचे तयार साचे मिळू लागले: बरोबर-चूक, बहुपर्यायी, रिकाम्या जागा भरा, चित्र ओढून जागेवर ठेवा, असे प्रकार. ‘मॅक्रोमीडिया’ २००५ मध्ये ‘अडोबी’ने विकत घेतली.

९. घडण अगदी सोपी होती. टाइमलाइनच्या पहिल्या फ्रेमवर तोरण्याचे चित्र, प्रश्न आणि चार बटणे ठेवायची. तिथे ‘थांब’ अशी आज्ञा द्यायची, नाहीतर प्रश्न वाचण्याआधीच चित्र पुढे सरकते. योग्य बटण दाबले की ‘बरोबर’ नावाच्या फ्रेमवर उडी, गुणांत एकाची भर आणि तोरण्याच्या माथ्यावर फडकणारे निशाण. इतर तिन्ही बटणे ‘चूक’ या फ्रेमवर नेतात. शाळकरी मुलालाही दोन दिवसांत जमेल असे हे काम. इतिहासाचे उत्तर या घडणीत एका फ्रेमचा पत्ता होऊन बसते.

१०. मराठीत हे काम करणाऱ्यांपुढे लिपीचा वेगळा पेच होता. युनिकोड रुळण्याआधीच्या बहुतेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये भारतीय लिप्यांसाठी मोठे काम झाले, १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानकही आले, तरी प्रत्येक फाँटचा संकेत निराळाच राहिला. फ्लॅशमध्ये अक्षरांचे आकार फाइलीतच गुंफता येत. त्यामुळे पडद्यावर शुद्ध ‘तोरणा’ दिसे, पण त्याखाली साठवलेला मजकूर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पुंजका असे. तो शोधता येत नसे, की दुसरीकडे नकलून वाचता येत नसे.

११. दुसरा धोका याहून मोठा होता. फ्लॅशच्या दोन फाइली असत: एक संपादनाची, दुसरी प्रकाशित करण्याची. वाटली जाई ती दुसरी. पहिली निर्मात्याच्याच संगणकात राही आणि संगणक गेला की तीही जाई. मग प्रश्नातले ‘एकोणीस’ बदलून ‘सोळा’ करायचे तरी कुठे? उत्तर फ्रेममध्ये कायमचे गोठलेले. नवा पुरावा आला तरी ती प्रश्नमंजूषा जुनेच उत्तर देत राही आणि तेही निशाण फडकावून.

१२. ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘अडोबी’ने फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला. १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फ्लॅशच्या फाइली चालणेच बंद झाले. सुमारे २५ वर्षांच्या खेळांवर, धड्यांवर आणि प्रश्नमंजूषांवर एका झटक्यात पडदा पडला. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने नोव्हेंबर २०२० पासून ‘रफल’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधाराने अशा फाइली पुन्हा चालवून जपायला सुरुवात केली, ती स्तुत्यच. पण ज्या फाइली कुणी साठवूनच ठेवल्या नाहीत, त्या गेल्या.

१३. आजचे नवशिके बहुधा एमआयटीच्या ‘स्क्रॅच’कडे वळतात. ते २००७ मध्ये आले. त्याची दुसरी आवृत्ती फ्लॅशवरच चाले. २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीने तो आधार सोडला. यात प्रश्न विचारून टंकलेले उत्तर तपासता येते. इथे मराठी निर्मात्याने सावध असावे. उत्तर ‘1646’ असे नोंदवले आणि खेळणाऱ्याने ‘१६४६’ लिहिले, तर यंत्र ते चूक ठरवते. ‘तोरणा’ नोंदवून ‘प्रचंडगड’ आले तरी तेच. ‘रोहिडा’ आणि ‘विचित्रगड’ यांचीही तीच गत. इतिहासात एका गडाला दोन नावे सहज नांदतात. यंत्राला दोन्ही आधी शिकवावी लागतात.

१४. उत्तरे केवळ संशोधनाने बदलतात असेही नाही. ‘तोरणा कोणत्या तालुक्यात आहे?’ या प्रश्नाचे उत्तर अनेक दशके ‘वेल्हे’ हेच होते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला. राजगड हा किल्लाही याच तालुक्यात. तेव्हा चार पर्यायांत ‘राजगड’ दिसले तर ते किल्ल्याचे नाव की तालुक्याचे, हे प्रश्नातच स्पष्ट करावे लागेल. जुनी प्रश्नमंजूषा इथेही खोटी नाही, फक्त तिच्यावर साल घातलेले नाही.

१५. म्हणून इतिहासाची प्रश्नमंजूषा घडवताना चार पथ्ये पाळावीत. प्रश्न आणि उत्तरे चित्रांत न गुंफता युनिकोडमधील वेगळ्या साध्या फाइलीत ठेवावीत. ॲनिमेशनने ती तिथून वाचावीत, म्हणजे एक ओळ बदलली की उत्तर सुधारते. प्रत्येक उत्तरासोबत त्याचा आधार आणि प्रश्न तयार केल्याचे वर्ष नोंदवावे. संपादनाची मूळ फाइल सर्वांसाठी खुली ठेवावी. आणि ‘बरोबर’ची फ्रेम निशाणावर संपवू नये. तिच्यामागे ‘कशावरून?’ ही आणखी एक फ्रेम जोडावी.

१६. प्रश्नाची भाषा बदलली तरी बरेच साधते. ‘शिवरायांचा जन्म कधी झाला?’ याऐवजी ‘जेधे शकावलीनुसार शिवजन्म कोणत्या शकात झाला?’ असे विचारले, तर शके १५५१ हे उत्तर निर्विवाद राहते आणि खेळणाऱ्याच्या कानावर एका साधनाचे नाव पडते. ‘ग्रँट डफने कोणते वर्ष दिले?’ हा त्यापुढचा प्रश्न. ‘दोन्हींत फरक का?’ हा तिसरा. वाद लपवावा लागत नाही, त्याचाच खेळ होतो. तोरण्याच्या वयाचा प्रश्नही मग दोन तारखा खेळणाऱ्याच्या हाती देऊन, वजाबाकी त्यालाच करायला लावून विचारता येतो.

१७. कारीच्या जेध्यांच्या दप्तरातील कागदांत ना चित्र होते, ना ध्वनी. पण ते पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, योग्य हाती पडले, छापले गेले आणि ज्याला शंका होती त्याला तिथी-वार पडताळून पाहता आले. अवघ्या देशाचे उत्तर त्यांनी बदलले ते या बळावर. भोर-वेल्ह्याच्या गडकोटांवर आज कुणी प्रश्नमंजूषा करत असेल, तर निशाण जरूर फडकवावे. पण ते कोणत्या कागदावर रोवले आहे, हेही खेळणाऱ्याला दिसू द्यावे.

(धागा समाप्त)