घाटमाथ्याची पेठ आणि समुद्राचें बंदर

पुण्याहून नाशिककडे जातांना खेड मागें टाकल्यावर, मंचरच्या अलीकडे, पेठ नांवाचें गांव लागतें. पेठ म्हणजे बाजार. ज्या गांवाला नुसतें बाजार म्हटलें कीं पुरतें, तें वाटेवरचें असलें पाहिजे, हें सांगावयास इतिहाससंशोधक नको. आंबेगांव आणि जुन्नर हे दोन्ही तालुके असे वाटेवरचे आहेत. येथून समुद्र दिसत नाहीं. मध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. तरीसुद्धां या मुलुखाचें भाग्य बंदरांनीं घडविलें आणि बंदरांनींच फिरविलें. तें कसें, हें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

बंदर म्हटलें कीं धक्का, गलबतें आणि हमालांची गर्दी डोळ्यांपुढें उभी राहते. पण बंदर तेवढ्यावर संपत नाहीं. धक्क्यावर उतरलेला माल जेथपर्यंत बिनधोक पोंचतो, तेथपर्यंत बंदराची हद्द समजावी. या हिशेबानें प्राचीन काळीं कल्याण बंदराची हद्द जुन्नरच्या वेशीला भिडलेली होती. मधली वाट नाणेघाटाची.

नाणेघाट ही केवळ डोंगरांतील खिंड नव्हे. ती खर्च करून राखलेली वाट होती. चढणीवर खडकांत पायऱ्या काढलेल्या आहेत, पाण्याचीं टाकीं खोदलेलीं आहेत, आणि माथ्याशीं सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख असलेलें लेणें आहे. साइक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२८ सालीं तें विद्वानांच्या नजरेस आणलें. लेख इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यांत यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेचे आंकडे आहेत: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. गाई तर हजारांनीं मोजल्या आहेत. एवढें दान करणाऱ्या राजघराण्यानें आपलीं नांवें आणि मूर्ति घाटाच्या तोंडाशीं, येणाऱ्याजाणाऱ्या तांड्यांच्या नजरेसमोर कोराव्या, यावरून त्या वाटेची योग्यता कळते. आज मूर्ति गेल्या. त्यांवरचीं नांवें तेवढीं उरलीं.

माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, अशी परंपरेची समजूत आहे. त्यांत नाणीं पडत कीं पाणी भरीत, हा वाद विद्वानांनीं खुशाल करावा. ज्यानें टाकीं खोदविलीं त्यानें तांड्यांकडून कांहींच घेतलें नसेल, असें व्यवहार जाणणारा कोणी म्हणणार नाहीं. जकात घेणें हा दोष नव्हे. घेतलेल्या पैशांतून वाट राखली कीं नाहीं, एवढेंच विचारावयाचें.

राखलेल्या वाटेनें काय केलें तें जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत पाहावें. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी मिळून येथें दीडशेंहून अधिक लेणीं आहेत, आणि त्यांतील लेख राजांपेक्षां सामान्य लोकांचेच अधिक आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिलें. बांबूचें काम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणींकडे धर्मादायाच्या ठेवी ठेवल्या जात. कारागिरांची संस्था पेढीचें काम करीत होती, हें लक्षांत घ्यावें. कल्याणच्या रहिवाशानें येथें दान केलें आहे. इरिल, चित आणि चंद हे तीन यवनही दात्यांत आहेत. समुद्रापलीकडचा मनुष्य, खाडीवरचा मनुष्य आणि गांवचा कांसार एकाच डोंगरावर पुण्य जोडतात, याला कारण नाणेघाट.

पण बंदर ज्याच्या हातांत, त्याच्या लहरीवर घाटमाथ्याचें पोट अवलंबून राहतें. एका ग्रीक नाविकाची पहिल्या शतकांतील मार्गदर्शिका प्रसिद्ध आहे. तींत तो सांगतो कीं, कल्याण पूर्वीं कायदेशीर व्यापाराचें बंदर होतें. सत्ता पालटल्यावर तेथें अडवणूक सुरू झाली, आणि चुकून तेथें शिरलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं. भडोच बहुतेक विद्वानांच्या मतें क्षत्रप नहपानाच्या राज्यांत होतें. गंमत अशी कीं, याच नहपानाचा जांवई उषवदात यानें दमण, तापी, डहाणू इत्यादि नद्यांवर फुकट तरी ठेवल्या, सोपारा व भडोच येथें धर्मशाळा बांधल्या, असें नाशिकचा लेख सांगतो. नहपानाचा अमात्य अयम यानें तर वर्ष ४६ मध्यें जुन्नरलाच टाकें खोदविलें. एका हातानें सोय करावयाची, दुसऱ्या हातानें व्यापार आपल्या बंदराकडे वळवावयाचा, ही राजनीति तेव्हांपासूनची आहे.

पुढें कल्याणऐवजीं चौल आलें. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकीतिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून विकावयाचा घोडा घेऊन जुन्नरला आला. पावसाळा त्यानें येथेंच काढला. तेथील खानानें घोडा हिसकावून घेतला आणि धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थानें रदबदली केली, म्हणून घोडा परत मिळाला. राज्यकर्त्याची मर्जी हीच जेथें जकात, तेथें दुसरा घोडेवाला येण्यापूर्वीं दहादां विचार करणारच.

मुंबईचा उदय झाल्यावर प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. धक्के खासगी कंपन्यांच्या हातीं होते. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं सरकारनें एल्फिन्स्टन कंपनीचे धक्के विकत घेतले. १८७३ सालीं मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. बंदराचें उत्पन्न बंदरावरच खर्चावें, नफा वांटूं नये, हें त्याचें तत्त्व. त्यांतून प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा डॉक (१९१४) उभे राहिले. समुद्र हटवून बॅलार्ड इस्टेट वसली. १९१५ सालीं ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. माझ्या मतें ही उत्तम सार्वजनिक संस्था होती. परंतु विश्वस्तांत सरकारी अधिकारी आणि व्यापारी बसत. घाटमाथ्याचा शेतकरी नसे. रेल्वे १८६३ सालीं बोरघाटानें आणि १८६५ सालीं थळघाटानें वर गेली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस धक्क्याशीं जोडला गेला. मधला नाणेघाट सुटला, आणि राणीच्या लेखासमोरून जाणारे बैलांचे तांडे विरळ होत गेले.

न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं नवें बंदर सुरू झालें. तेथील हिशेब आधीं किनाऱ्यावरच्या लोकांनीं मांडला होता: नव्या मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीं उरणच्या शेतकऱ्यांनीं १९८४ सालीं आंदोलन केलें, गोळीबारांत पांच जण प्राणास मुकले, आणि पुढें विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ धन्यांस देण्याची योजना आली. बंदराच्या प्राप्तींत आपला वांटा त्यांना असा मागून, झगडून घ्यावा लागला.

घाटावरचा वांटा द्राक्षांच्या रूपानें आहे. नारायणगांवच्या बाजूचीं द्राक्षें थंड पेट्यांत भरून परदेशीं जातात. पेटी बंद झाल्यापासून जहाजावर चढेपर्यंत गारवा टिकला तर बागाइतदाराला भाव. वाटेंत खोळंबा झाला तर मालाचें मोल उतरतें. हा सारा प्रवास मोटारीनेंच करावा लागतो. जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत रेल्वेचा रूळ अद्याप आलेला नाहीं.