लाखेपासून बेंझिडीनपर्यंत

गोंदियाजवळच्या मुर्रीसारख्या गांवच्या वाचकास पळसाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु या जिल्ह्यांत ज्या झाडांवर लाखेचा किडा पोसतात त्यांत पळसही आहे, आणि या किड्याच्या अंगचा तांबडा रंग एके काळीं हिंदुस्थानांतून विलायतेस जात असे, ही गोष्ट आतां फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. कच्ची लाख धुतली कीं पाणी लाल होई. त्यांतील रंग खालीं बसवून त्याच्या वड्या पाडीत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळांत त्या परदेशीं रवाना होत. १८५६ सालीं पर्किननें डांबरापासून जांभळा रंग काढला. त्यानंतर दोन-तीन दशकांत लाखरंगाचा बाजार बसला. लाख तेवढी तगली, तीही पुढें ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या कृपेनें!

आपल्या खारव्याला तांबडेपणा देणाऱ्या आलीच्या मुळ्यांचीही हीच गत झाली. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान यांनीं अलिझारीन कृत्रिम रीतीनें तयार केलें. तरीही रंगाऱ्याला तुरटीची खटपट चुकत नव्हती. ती चुकविली बेंझिडीननें.

हें द्रव्य नायट्रोबेंझीनपासून तयार करतात. १८८४ सालीं बटिगर या जर्मन रसायनज्ञानें त्यापासून केलेल्या काँगो रेड या रंगाचें पेटंट घेतलें. सुताला रंग धरविण्यास तुरटी नको; हंड्यांत पाणी, मीठ आणि रंग घातला कीं झालें. ज्या वर्षीं बर्लिन येथें आफ्रिकेच्या वाटणीची परिषद भरली, त्याच वर्षीं हें नांव बाजारांत यावें, यांत व्यापाऱ्याची चतुराई दिसते. स्वस्त आणि सोपा म्हणून हा रंगवर्ग जगभरच्या लहानमोठ्या रंगशाळांत शिरला.

त्याची किंमत मजूर देत होता. १८९५ सालींच फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनीं रंगाच्या कारखान्यांतील कामगारांच्या मूत्राशयांत अर्बुदें आढळल्याचें जाहीर केलें. संशय प्रथम अनिलीनवर गेला. बेंझिडीन व त्याच्या भावंडांचा दोष पुढें निश्चित झाला. तरी इंग्लंडमध्यें बेंझिडीनवर बंदी येण्यास १९६७ साल उजाडलें. मधल्या बहात्तर वर्षांत रंग विकला जात होता, नफा वांटला जात होता, आणि रोग उमटण्यास वीस-वीस वर्षें लागत असल्यामुळें कारखानदाराला हात झटकणें सोपें जात होतें.

आपल्याकडे १९९३ पासून बेंझिडीनाधिष्ठित ४२ रंगांची हाताळणी निषिद्ध झाली. जर्मनीनें १९९४ सालीं अंगाशीं येणाऱ्या कापडांत असले रंग नकोत असा नियम केला. त्याच्याआधीं आपण पाऊल टाकलें, हें नमूद करणें न्यायाचें आहे. परंतु आणखी ७० अॅझो रंग वर्ज्य झाले ते १९९७ सालीं, म्हणजे जर्मन गिऱ्हाइकानें माल नाकारण्याची भाषा सुरू केल्यानंतर. २००२ मध्यें युरोपीय संघानेंही तसाच निर्बंध घातला. कापडांतून निघणाऱ्या घातक अमीनची मर्यादा दर किलोस ३० मिलिग्रॅम ठरली. तेव्हांपासून गांठोड्याबरोबर प्रयोगशाळेचा दाखला मागतात. त्यांत तपासलेला असतो तो कापडाचा तुकडा. तें ज्यानें हंड्यांत बुडविलें त्याच्या प्रकृतीबद्दल तेथें कोणी विचारीत नाहीं.