अंगावरून वारं गेलं

आमच्या आळंद भागात या दुखण्याला चार नावं आहेत. मराठी घरात 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. कन्नड शेजारीण 'पार्श्ववायू' म्हणते. बाजारात, एसटी स्टँडवर 'लकवा मारला' म्हणतात, आणि शिकलेली मंडळी 'पॅरालिसिस' नाहीतर 'स्ट्रोक'. पहिल्या दोन नावांत वारा आहे, तिसऱ्यात मार आहे आणि इंग्रजीतल्या स्ट्रोकचा अर्थही फटकाच. मेंदू कोणत्याच नावात नाही. जणू दुखणं बाहेरून आलं, माणसाला टोला दिला आणि निघून गेलं.

'लकवा' हा शब्द तर युनानी हकिमांबरोबर इकडे आला. त्यांच्या शास्त्रात लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडं होणं. अर्धं अंग लुळं पडलं तर त्याला ते 'फालिज' म्हणत. आपण फालिज विसरलो आणि लकवाच सगळ्याला लावला.

या दुखण्याचा इतिहास मी वाचायला घेतला तो शब्दांच्या नादानं. बी.ए.ला इतिहास होता, ती खोड गेली नाही. वाचता वाचता लक्षात आलं की हा सगळा इतिहास वेळेचा आहे. 'आता काही करण्यासारखं नाही' इथून 'साडेचार तासांत या' इथपर्यंत माणूस कसा आला, त्याचा. आणि ते साडेचार तास आपल्या घरात कुठं खर्च होतात, त्याचाही.

सुरुवात आपल्याच मातीतून करते. सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठी मळखेड आहे, राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, नवव्या शतकात, उग्रादित्याचार्य नावाचे जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी 'कल्याणकारक' नावाचा वैद्यकाचा ग्रंथ संस्कृतात लिहिला. मद्य, मांस आणि मध न वापरता औषधं कशी करावीत, हे त्याचं वैशिष्ट्य. औषध म्हणूनसुद्धा मांस नको, हा विषय नृपतुंगाच्या दरबारात मांडल्याचं ते सांगतात. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींनी हिंदी अनुवादासह संपादन केलेला हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून छापून निघाला. आपल्यातल्या किती जणींना हे माहीत आहे? मला चाळिशीनंतर कळलं.

जुन्या वैद्यांनी हे दुखणं वातरोगांत घातलं. त्यांची नजर मात्र पक्की होती. उजवं किंवा डावं असं एकच अंग जातं आणि बोलणंही थांबतं, हे चरकसंहितेत नोंदलेलं आहे. पुढे बहमनी काळात, पंधराव्या शतकात, दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहानं बीदरला मोठा दवाखाना बांधला. त्याच्या खर्चासाठी गावं तोडून दिली आणि हिंदू वैद्य व मुसलमान हकीम दोघांनाही तिथं नेमलं, असं फरिश्ता लिहितो. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी बीदरात वैद्य आणि हकीम एका छपराखाली बसत होते. पण आत डोक्यात काय घडतं, हे दोघांनाही दिसत नव्हतं.

ते दिसलं १६५८ साली. बीदरचा किल्ला औरंगजेबानं घेतला त्याच्या पुढच्याच वर्षी. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावचा डॉक्टर योहान याकोब वेप्फर यानं असा झटका येऊन मेलेल्यांची शवं उघडून पाहिली. कुणाच्या मेंदूत रक्त साकळलेलं होतं. मेंदूकडे जाणारी रक्तवाट बंद झाली तरी हेच होत असावं, असंही त्यानं लिहिलं. वाऱ्याची गोष्ट तिथं संपायला हवी होती. पण कारण कळलं तरी उपाय नव्हता. पुढची जवळजवळ अडीचशे वर्षं डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसून राहण्यापलीकडे फारसं काही करू शकत नव्हते.

मग आला तो दंडाला बांधायचा पट्टा. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रॉचीनं तो केला, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कॉफनं त्यात कानाला नळी लावून ऐकण्याची युक्ती जोडली. आता रक्तदाब मोजता येऊ लागला, पण आकडा बघून करायचं काय, हे ठरेना. वय वाढलं की दाब वाढणारच, उलट तो वाढायलाच हवा, असं मोठमोठे डॉक्टर मानत.

याची किंमत जगानं मोजली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथं तीन पुढारी जगाची वाटणी करायला बसले: रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन. तिघांचा फोटो शाळेच्या पुस्तकात असायचा, आठवत असेल. रूझवेल्टला तिथं आणलं तेव्हा त्याचा दाब २६० वर १५० होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला त्या वेळी काय औषध होतं? हृदयासाठी डिजिटॅलिस, मीठ कमी, सिगारेट कमी. बस्स. दोन महिन्यांनी, १२ एप्रिलला, डोक्याच्या मागे भयंकर कळ आली म्हणाला आणि कोसळला, तेव्हा दाब ३०० च्या वर गेला होता. वय ६३. चर्चिलला १९४९ आणि १९५३ मध्ये झटके आले, दुसरा तर लोकांपासून लपवून ठेवला. स्टालिनचं १९५३ चं मरण सगळ्यांत विचित्र. तो खोलीत जमिनीवर पडून होता आणि आत जायची पहारेकऱ्यांची छातीच होईना. डॉक्टर पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. एवढा सत्ताधीश, पण वेळेवर दार उघडणारं माणूस नाही!

आणि याच सुमारास उपाय सापडत होता तो आपल्याकडे. सर्पगंधेची मुळी वेड लागलेल्यांना देत, हे आपल्या वैदूंना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी लिहिलं की तिनं रक्तदाबही उतरतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती आपल्या रोग्यांना नीट मोजूनमापून दिली आणि १९४९ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला. तोवर बाहेरच्या जगाला या मुळीची फारशी गंधवार्ता नव्हती. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या कंपनीनं तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. मन उदास होतं म्हणून पुढे ते औषध मागे पडलं, पण दाब गोळीनं उतरवता येतो हे सिद्ध झालं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

दाब उतरवून झटका टळतो का, हे कळायला माणसांच्या मागे वर्षानुवर्षं लागावं लागलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद ठेवली गेली. (बायकांनाही पहिल्यापासून मोजलं, हे मला विशेष वाटतं. संशोधनात आपण बहुधा विसरल्या जातो.) त्यातून दिसलं की ज्यांचा दाब जास्त, त्यांना झटका जास्त, आणि वयाचा दाखला देऊन तो चालवून घेण्यात अर्थ नाही. औषधांच्या चाचण्यांनी पुढचं उत्तर दिलं, की दाब उतरवला तर झटके कमी होतात. २०१० मध्ये २२ देशांतल्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, दिसलं की दहा कारणं हाताशी धरली तर जवळजवळ नव्वद टक्के झटक्यांचा हिशेब लागतो. पहिला नंबर रक्तदाबाचा. मग तंबाखू, पोटाचा घेर, खाणं, बसून राहणं, मधुमेह, दारू, मनाचा ताण, हृदयाचे विकार, रक्तातली चरबी. दैव यादीत नाही.

आता उपचार. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळ विम्बल्डनच्या इस्पितळात हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅन यंत्रात पहिली रुग्ण ठेवली, ती एक बाई होती. जिवंत माणसाच्या डोक्यातलं रक्त त्या यंत्रानं दिसू लागलं. हे फार महत्त्वाचं, कारण झटका दोन जातींचा: गाठीनं वाट अडते किंवा नस फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गाठ विरघळवणारं औषध फुटलेल्या नसेवर दिलं तर जीवच जायचा. म्हणून स्कॅन आधी, सुई नंतर. आणि म्हणूनच घरी कुणी शहाण्यानं 'रक्त पातळ करायची गोळी द्या' म्हटलं तर ऐकू नये.

डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतला ६२४ रुग्णांचा अभ्यास छापून आला. तीन तासांच्या आत गाठ विरघळवणारी सुई दिली, तर तीन महिन्यांनी जवळजवळ धडधाकट असणाऱ्यांची संख्या निदान तीस टक्क्यांनी जास्त. धोकाही होता. मेंदूत रक्तस्राव होऊन बिघडणारे शंभरात सहा, सुई न दिलेल्यांत शंभरात एकही पुरता नाही. तरी तोलून पाहता फायदा मोठा. २००८ मध्ये मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, २०१५ पासून मोठी गाठ तार घालून काढण्याचा उपायही पक्का झाला. एक हिशेब वाचला तो डोक्यातून जात नाही: मोठी वाट बंद असताना दर मिनिटाला १९ लाख मज्जापेशी मरतात.

आता आपल्याकडे या. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत सुमारे दीड लाखाच्या वस्तीत पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ जण मोजले, त्यात जवळजवळ निम्म्या बायका. तेव्हा हा पुरुषांचा रोग, ही समजूत सोडून द्या. बायकांना तो सरासरी पाचेक वर्षं उशिरा येतो, एवढंच. २८ दिवसांत शंभरातले तीस गेले. आणि ही मुंबई, जिथं बहुतेकांचा स्कॅन झाला होता.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ८६ गावांतलं एकेक मरण दोन वर्षं तपासलं. गडचिरोली म्हटलं की आपल्याला मलेरिया, कुपोषण आठवतं. १,५९९ मृत्यूंत पहिला नंबर निघाला झटक्याचा: २२९. त्यातले सत्त्याऐंशी टक्के घरी गेले. जवळजवळ निम्मे पहिल्या महिन्यात.

घरी. म्हणजे कुणीतरी बाजेवर झोपवलं, कुणीतरी तोंडात पाणी घातलं, कुणीतरी उशाशी बसलं. हे कुणीतरी कोण असतं, ते आपल्याला माहीत आहे.

आमच्या आत्याबाई पहाटे उठल्या आणि हातातलं दुधाचं पातेलं पडलं. तोंड वाकडं, शब्द जड. घरात आधी गरम तेल चोळलं. मग कुणी म्हणालं, अमक्या गावी लकव्यावर औषध देतात, एकदा घेतलं की दवाखाना लागत नाही. दुसरं कुणी कबुतराच्या रक्ताचं बोललं, तेव्हा मात्र सासूबाई कडाडल्या, "आपल्या घरात हे नाव काढायचं नाही!" ते टळलं, पण नऊ वाजले. मग कलबुर्गी की सोलापूर यावर वाद. कलबुर्गी जवळ, पण सोलापूरला पाहुणे आहेत. एका दवाखान्यात नेलं, तिथं सलाईन लावून दोन तास ठेवलं आणि स्कॅनचं यंत्र बंद असल्याचं मग सांगितलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?" काका गप्प. उत्तर दिलं थोरल्या वैनींनी, "रात्री दहाला, औषधाचं पाणी दिलं तेव्हा." झोपेतून उठताना झटका दिसला तर घड्याळ उठल्यापासून धरत नाहीत, शेवटचं धड पाहिल्यापासून धरतात. ती वेळ बहुतेक घरांत बाईलाच ठाऊक असते. म्हणून तोंड वाकडं, हात खाली पडणं, बोबडं बोलणं यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघून वेळ कागदावर लिहायची, १०८ ला फोन करायचा आणि विचारायचं एकच, स्कॅन आणि सुई दोन्ही कुठं आहे. पाहुणे कुठं आहेत हे नंतर.

आता थोडं स्वयंपाकघराबद्दल, रागावू नका. दिवसाला एका माणसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कंदमुळं आपण वर्ज्य करतो, रात्री जेवत नाही, पण पापड, सांडगे, लोणची, शेवेचे डबे मोजले तर तो चमचा दुपारीच संपतो. दुसरं, पर्वातल्या गोळ्या. दशलक्षणात कितीतरी जणी दहा दिवस दाबाची गोळी बंद ठेवतात. "अक्का, उपवासात औषध कसं चालेल?" संध्याकाळची गोळी सूर्यास्ताआधी किंवा सकाळी घेता येते का, निर्जळ उपवासात डोस तोच ठेवायचा की बदलायचा, हे पर्वाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारायचं. दाब वाढलेला अंगाला कळत नाही, म्हणून 'मला काही त्रास नाही' याला अर्थ नाही. आणि मिसरी लावणाऱ्या कामवाल्या मावशींनाही पट्टा बांधून बघा. मिसरी म्हणजे तंबाखूच.

वाचलेल्यांचं पुढे काय होतं, तिथंही एक अभ्यास आपल्याच देशातला आहे. भारतातल्या १४ इस्पितळांत १,२५० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून घरी पाठवलं, बाकीच्यांना नेहमीचीच सेवा. फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, तर घरच्यांनाच तयार करू, हा हेतू चांगला होता. २०१७ मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांनी दोन्हीकडे ४७ टक्के मेलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून. काडीचा फरक नाही. कित्येकांना याची निराशा वाटली. मला उलट बरं वाटलं, कारण सुनेनं मनापासून केलं तर सासू चालायला लागेल, नाही चालली तर सून कमी पडली, हे आपल्याकडे उघड बोललं जातं. १,२५० घरांचा हिशेब सांगतो की ते खरं नाही. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे आणि त्यासाठी माणूस नेमावा लागतो.

थोरल्या वैनी आत्याबाईंच्या उजव्या हातात रोज कणकेचा गोळा देतात. आत्याबाई तो दाबतात, कधी हसतात, कधी फेकून देतात. कलबुर्गीहून फिजिओथेरपिस्ट मुलगी महिन्यातून दोनदा येते. तिसऱ्यांदा बोलवायचे पैसे कुणी द्यायचे, यावर घरात सध्या बोलणं चालू आहे.