ज्याला घर नव्हते, त्याच्या धर्मशाळा

शंभर वर्षांपूर्वी आषाढीला पंढरपुरात पोचलेल्या गरीब वारकऱ्याला आधी चिंता असे ती पाठ कुठे टेकायची याची. वाड्यांमधल्या खोल्या पैसेवाल्यांना मिळत. बाकीचे चंद्रभागेच्या वाळवंटात, भर पावसात रात्र काढत. पटकीची साथ आली की याच गर्दीतून ती गावोगाव पोचे. अस्पृश्य ठरवलेल्या वारकऱ्यांचे हाल तर विचारायलाच नकोत. संत चोखामेळ्यांच्या समाधीपाशी थांबून त्यांना देवळाकडे हात जोडावे लागत आणि गावात ओसरीही मिळत नसे.

या माणसांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ती उभारणारा माणूस मात्र स्वतः कुठल्याच छपराखाली रमला नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी दापुऱ्याला मामाकडे वाढले, गुरे राखली, शेती केली. सावकाराच्या कर्जाने घर कसे पोखरले जाते, हे त्यांनी तिथेच पाहिले. लेकीच्या बारशाला मटण आणि दारू हवीच, असा भावकीचा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडून गोडाधोडाची पंगत वाढली. पुढे १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा, आणि पाणी प्यायला व भाकरी घ्यायला मडक्याचे खापर, म्हणजे गाडगे. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौषात जत्रा भरते. तिथे उतारावरच्या चिखलात भाविक घसरत. बाबांनी आधी स्वतः माती ओढून वाट केली आणि मग लोकांना जोडीला घेऊन १९०८ साली घाट बांधला. त्यांच्या कामाची रीत इथेच ठरली. अडचण दिसली की आधी आपण हात लावायचा, मग कीर्तनात लोकांपुढे ती मांडायची, आणि आलेला पैसा स्वतः न घेता विश्वासू माणसांकडे सोपवायचा.

कीर्तनही त्यांचे वेगळेच. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तरे काढून घेत. कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, एक वेळ जेवणाचे ताट मोडा पण पोराला शाळेत घाला, असे त्यांचे सांगणे असे. रात्री कीर्तन, सकाळी त्याच गावाची झाडलोट. कुणी पाया पडायला आले तर ते खराटा उगारत. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद गेला, तेव्हाही हा क्रम थांबला नाही.

पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. अंध, अपंग आणि अनाथांसाठी सदावर्ते सुरू झाली. मूर्तिजापूरला गोरक्षण उभे राहिले. लाखोंची मालमत्ता जमली, पण ती विश्वस्तांच्या हाती गेली. नातेवाइकांना तिच्यात हक्क राहिला नाही. पत्नी कुंताबाई आणि मुलींनी साधेपणातच दिवस काढले, ही किंमत त्यांच्याही वाट्याला आली.

त्यांची भक्ती या जमाखर्चातच दिसते. पंढरपुरात ते वाळवंट झाडत आणि वारकऱ्यांच्या जेवणाखाण्याची चौकशी करत. समाधान मिळवण्यासाठी त्यांनी इच्छांशी झुंज मांडली नाही. दुसऱ्याच्या गरजेत ते इतके गुंतले होते की स्वतःसाठी काही मागायला त्यांना सवडच नव्हती.

१९४९ साली त्यांनी चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दोनच वर्षांपूर्वी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठल मंदिर सर्वांना खुले झाले होते. वारकऱ्यांची सोय ज्या वास्तूने केली, ती आता विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, हे बाबांच्या शिकवणुकीला धरूनच होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ पेढी नदीच्या काठी बाबांचेही देहावसान झाले. त्यांच्या नावाच्या मिशनने धर्मशाळांचे काम पुढे चालू ठेवले. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारासाठी खेड्यापाड्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. महिनोन्महिने चालणाऱ्या उपचारात या महागड्या शहरात त्यांना परवडेल असे छप्पर मिळते.