आसोद्याची लेक, जळगांवची सून

इतिहास लिहावयाचा म्हणजे हातीं कागद हवा, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि खानदेशांत ती विशेष दृढ व्हावी हें साहजिकच होतें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें धुळ्यांत घालविलीं, ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांनीं तेथेंच देह ठेवला, आणि त्यांनीं जमविलेल्या दप्तरांच्या जतनासाठीं १९२७ सालीं त्याच गांवीं राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. वाड्यांतील माळ्यावर आणि देवळांतील पेट्यांत धूळ खात पडलेल्या कागदांना त्यामुळें वाचा फुटली. पण ज्या घरांत कागद म्हणून कधीं शिरलाच नाहीं, त्या घरच्या इतिहासाचें काय? शेतकऱ्याच्या घरांतील बाईचें नांव सनदेंत येत नाहीं, आणि निवाड्यांतही क्वचितच येतें.

दुसऱ्या देशांत याहून निराळी रीत आढळते. फ्रान्समधून सतराव्या शतकांत कॅनडांत जाऊन सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं जे शेतकरी वसले, त्यांच्या गांवोगांवचा धर्मगुरु प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह आणि दफन चर्चच्या वहींत टिपून ठेवी. त्यामुळें तेथील एखाद्या साध्या शेतकरणीचें माहेर, सासर आणि मुलें तीनशें वर्षांनंतरही जुळवितां येतात. आपल्याकडील शेतकरणीला अशी वही लाभली नाहीं. जळगांवच्या एका शेतकरणीला मात्र ती लाभली, आणि ती भरली तिच्या मुलानें. ही शेतकरीण म्हणजे बहिणाबाई चौधरी.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड १८८० सालीं छापून निघाला. जमिनी, पिकें, जाती, बाजार, रस्ते यांची त्यांत तपशीलवार नोंद आहे. त्याच वर्षीं, नागपंचमीच्या दिवशीं, जळगांवपासून सुमारें दोन कोसांवर असलेल्या आसोदें या गांवीं उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या घरीं बहिणाबाईंचा जन्म झाला. घमा, गना व घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता व तुळसा या तीन बहिणी, असें तें भरलें घर होतें. सरकारी ग्रंथांत त्या घरासाठीं एक ओळही असणें शक्य नव्हतें. पण पुढें आसोद्याच्या वाटेवरील मातीसुद्धां मराठी वाचकांच्या ओळखीची झाली, ती या मुलीच्या गाण्यांमुळें.

तो काळ खानदेशांत मोठ्या उलाढालीचा होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला एकाएकीं भाव आला. त्याच सुमारास आगगाडी आली. जळगांव ही कापसाची पेठ झाली आणि पुढें तेथें कापडाची गिरणीही निघाली. पण पेठेच्या वेशीबाहेर पाऊल टाकलें कीं दिनक्रम पूर्वींचाच होता. विहिरीवर मोट चालत होती, खळ्यावर बैलांची पात फिरत होती, आणि पहांटेच्या काळोखांत घरोघर जातें घरघरत होतें.

१८९३ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, जळगांवच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशीं बहिणाबाईंचा विवाह झाला. माहेर अवघ्या दोन कोसांवर. परंतु सासुरवाशिणीचे कोस वेगळ्या मापानें मोजावे लागतात. मनांत आलें म्हणून तिला उठून जातां येत नाहीं. बोलावणें यावें लागतें, सासरची परवानगी मिळावी लागते. खानदेशांत अक्षय्यतृतीयेला आखजी म्हणतात. दिवाळीपेक्षांही लेकीबाळींना या सणाचें अप्रूप अधिक, कारण तेव्हां त्या माहेरीं येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि चार दिवस गाण्यांना बंध राहत नाहीं. बहिणाबाईंच्या गाण्यांत आखजी आहे, माहेरची वाट आहे, आणि सासुरवाशिणीला माहेरची एवढी ओढ कां, असें विचारणारा एक योगीही आहे. त्याला मिळालेलें उत्तर अनेक आयांनीं आपल्या लेकींना ऐकविलें आहे.

हीं गाणीं मैफलीसाठीं जन्मलीं नाहींत. दळण एकटीनें ओढावयाचें तर हाताला लय हवी. लय सुटली तर जातें जड होतें आणि पीठ भरड पडतें. ही लय ओवीनें सांभाळली जाते. आजी गात असे तें आई गाते, आईचें लेक उचलते. मधूनच आपल्या मनचा एखादा चरण घालते, आणि दळण सरलें कीं तो पिठाबरोबर टोपलींत जातो. तो कोणी लिहून ठेवीत नाहीं, कारण लिहिण्यासारखें कांहीं आपण केलें असें त्या गाणारीलाच वाटत नाहीं. बहिणाबाई याच परंपरेंतल्या. त्या शाळेंत गेल्या नव्हत्या; अक्षरांशीं त्यांचा संबंध आला नाहीं. फरक एवढाच, कीं त्यांच्या ओवींत सापडलेला विचार उसना नव्हता.

या विचाराची किंमत त्यांना मोजावी लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांतून त्यांची पिढी गेली. त्यांच्याच मागोमाग प्लेग आला. मुलगी काशी आणि ओंकार व सोपान हे दोन मुलगे, अशीं तीन अपत्यें त्यांना होतीं. त्यांपैकीं ओंकारला प्लेगनें कायमचें अपंगत्व आलें. बहिणाबाई तिशीच्या घरांत होत्या, तोंच नथुजी वारले. पदरीं तीन मुलें, त्यांतलें एक अधू, आणि समोर शेत. त्या काळीं विधवेला घराच्या कोपऱ्याखेरीज जागा नसे. पण शेतकऱ्याच्या घरीं कोपऱ्यांत बसून पोट भरत नाहीं. त्या पेरणीला गेल्या, कापणीला गेल्या. ज्योतिष्याला उद्देशून त्यांचें एक गाणें आहे. त्यांत भविष्य जाणून घेण्याची गरजच त्यांनीं नाकारली आहे. हें गाणें कोणा तत्त्वज्ञाचें नाहीं, तीन मुलें एकटीनें वाढविणाऱ्या बाईचें आहे, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्याचें वजन कळत नाहीं.

१९०७ सालीं जळगांव येथें महाराष्ट्रांतील कवींचें संमेलन भरलें. डॉक्टर कीर्तिकर त्याचे अध्यक्ष होते. धरणगांवच्या त्र्यंबक ठोमरे या कोवळ्या मुलाचें काव्य ऐकून तेथेंच त्याला ‘बालकवि’ ही पदवी देण्यांत आली. त्याच वर्षीं त्याच जळगांवांत बहिणाबाईंच्या पोटीं सोपानचा जन्म झाला. मंडपांत काव्याचा गौरव चालला असतां गांवांतल्या एका घरीं जात्यावर काय चाललें आहे, हें कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल. यांत दोष कोणाचाच नाहीं. सुशिक्षितांचें काव्य आणि चुलीजवळचें गाणें यांच्यामध्यें एकच भिंत होती, पण ती अक्षरांची होती.

ती भिंत सोपाननें ओलांडली. तो शाळेंत जाऊं लागला, तेव्हांची एक गोष्ट सांगतात. पाठ्यपुस्तकांतील सत्यवान-सावित्रीची कथा त्यानें आईला वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतो तों आईनें त्याच कथेचें गाणें रचलेलें! मुलगा चकित झाला, आणि आईचीं गाणीं वहींत उतरूं लागला. मावसभाऊ पीतांबर चौधरी यांचाही या कामीं हात होता. पुढें सोपानदेव चौधरी स्वतः कवि म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. आईची वही मात्र घरींच राहिली.

उच्चारलेलें वचन लिहिणाऱ्याच्या हातीं पडलें तरच टिकतें, याचें दुसरें उदाहरणही खानदेशचेंच आहे. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं. अंमळनेरच्या शाळेंत शिक्षक असलेले साने गुरुजी त्या वेळीं तेथें बंदी होते. त्यांनीं तीं लिहून घेतलीं, म्हणून तीं आज घरोघर आहेत. विनोबांपुढें मात्र ऐकावयास मंडळी जमली होती. बहिणाबाईंपुढें जातें होतें, आणि दाराशीं कान देऊन बसलेला एक मुलगा.

३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. हें धन झांकून ठेवणें योग्य नव्हे, असा अत्र्यांनीं आग्रह धरला; आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ सालीं ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हें पुस्तक निघालें. तें पाहण्यास गाणारी उरली नव्हती.

‘ळ’ च्या जागीं ‘य’ आणि ‘ण’ च्या जागीं ‘न’ उच्चारणारी लेवा समाजाची ती बोली पुण्यामुंबईच्या वाचकांना नवखी होती. तरी ती कोणालाही अडली नाहीं. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटानें हीं गाणीं गांवोगांव पोंचविलीं. १९९० सालीं जळगांवीं स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ सालीं बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या बाईच्या नांवाची पदवी आज खानदेशांतील मुलामुलींना मिळते.

पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशा क्रमानें तीं गाणीं वाचलीं, तर एका शेतकरी घराचें सबंध वर्ष डोळ्यांपुढून जातें. पीक किती आलें हें गॅझेटियर सांगतें. तें घरीं आणणाऱ्या बाईच्या मनांत काय होतें, हें या वहीवांचून कळलें नसतें. आसोद्याच्या वाटेवर त्या काळीं अशीं जातीं घरोघर होतीं. वही एकाच घरीं भरली गेली.