फडताळातला इतिहास



इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, तहनामे आणि सनावळ्या उभ्या राहतात. त्यांचे दप्तरखाने निराळे, तेथे जाण्यास परवानगी लागते आणि मोडीही यावी लागते. आज मी आपल्याला घरातल्याच एका दप्तरखान्यात नेणार आहे. तो म्हणजे स्वयंपाकघरातले फडताळ. पिठाचा डबा, साखरेचा डबा, दाण्यांचा डबा, मिठाची बरणी आणि मिसळणाचा डबा, एवढीच तेथली कागदपत्रे. आपण ती रोज हाताळतो. परंतु यांतले कोण केव्हा आले, कोणाच्या हातून आले, आणि कोणाला आपण उंबऱ्यातच अडवले, हे कधी विचारीत नाही. ते विचारण्यासाठी हा आजचा प्रपंच.

आरंभ आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या एका कथेने करू. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. मांडे भाजायला खापर हवे म्हणून ती कुंभाराकडे निघाली. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या त्या भावंडांना खापर मिळू नये, अशी तजवीज विसोबाने केली. मग ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. आपण या कथेतला चमत्कार तेवढा लक्षात ठेवतो. मला तीत दुसरेच काही दिसते. बहिष्कार घालायचा म्हणजे काय करायचे, हे गावाला नेमके ठाऊक होते. त्याने वेद अडवले नाहीत, रस्ताही अडवला नाही, खापर अडवले. माणसाला समाजाबाहेर काढायचे तर त्याची चूल गाठावी लागते.

मांडा हा पदार्थही काही लहानसहान नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात तो आहे. गव्हाचे पीठ मळायचे, हातावर पसरायचे आणि तापल्या खापरावर टाकायचे, अशी त्याची कृती. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीही या मुलखात भाजण्याचे शास्त्र चांगले अवगत होते. ‘भट्टीत भाजणे हे साहेबाने शिकवले, आपल्याकडे नुसते उकडणे आणि तळणे,’ असा एक समज आहे. तो खरा नाही. भट्टी घरात नव्हती हे खरे. पण खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवले की जाड बुडाचे कोणतेही पातेले भट्टीच होते. कोकणातले धोंडस असेच होई. पिकली काकडी किसायची, तांदळाचा रवा भाजून घ्यायचा, गूळ आणि खोबरे घालून पातेल्यात लावायचे, आणि वरखाली निखारे ठेवून शांत बसायचे. कायस्थ घरांतले भानोले त्याच पद्धतीचे. साहेबाच्या केकला अंडी लागतात आणि आमच्या धोंडसाला काकडी लागते. विस्तवाच्या दृष्टीने दोघांत काही भेद नाही.

आता फडताळ उघडू. आणि मुद्दाम एकादशीच्या दिवशी उघडू, कारण त्या दिवशी घर सर्वांत सोवळे असते. चुलीवर साबूदाण्याची खिचडी आहे. तिच्यात साबूदाणा, दाण्याचे कूट, बटाटा आणि हिरवी मिरची. यांतला भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच; त्याचे मराठी नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेले. मिरचीही अमेरिकेतली, आपल्याकडे आल्यावर तिने जुन्या मिऱ्याचे नाव उचलले आणि हळूहळू त्याची जागाही घेतली. राहिला साबूदाणा. पूर्वी तो मलायाकडच्या एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून होई. दुसऱ्या महायुद्धात ती आयात तुटली, आणि १९४० नंतरच्या दशकात तामिळनाडूतल्या सेलमच्या आसपास टॅपिओका नावाच्या कंदापासून तो करण्याचा धंदा उभा राहिला. तो कंदही अमेरिकेचाच. सोबत उकडलेले रताळे असेल तर तेही त्याच गोतातले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचण्यापूर्वी यांतली एकही चीज आपल्या कोणा पूर्वजाने चाखली नव्हती. वाचले ते तूप, जिरे, मीठ आणि नारळ!

श्रोतेहो, आपण हसलात हे बरे झाले. पण कोणाच्या उपासाची थट्टा करावी म्हणून मी हे सांगत नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचे. ज्या दिवशी घरची ज्वारी, घरचा तांदूळ आणि घरची तूरसुद्धा चालत नाही, त्या दिवशी सातासमुद्रापलीकडचे हे पाहुणे कसे चालले? माझ्या मते कारण साधे आहे. उपासाला धान्य वर्ज्य, असे ज्यांनी ठरवले त्यांच्यासमोर ही मंडळी नव्हतीच. निषेधाच्या यादीत त्यांचे नाव नव्हते, म्हणून ती आत आली. आणि त्यांना आत घेतले ते कोणा धर्मसभेने ठराव करून नव्हे. एखाद्या बाईने एके दिवशी नवा कंद उकडून पाहिला, पोराला दिला, शेजारणीला सांगितला. हे पाऊल पहिल्यांदा कोणी टाकले, ते कोणत्याही बखरीत सापडायचे नाही.

तथापि सगळ्याच पाहुण्यांचे असे स्वागत झाले नाही. त्याच पोर्तुगीजांनी आणलेला पाव घ्या. त्याचेही नाव त्यांच्याच भाषेतले. १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला. तेथे पीठ फुगवण्यासाठी माडाची ताडी वापरू लागले, आणि पोदेर म्हणजे पाववाला हा गोव्याच्या सकाळचा भाग झाला. परंतु घाटावर याच पावाची केवढी दहशत! विहिरीत पावाचा तुकडा टाकला, नकळत गावाने ते पाणी प्यायले आणि सारा गाव बाटला, अशा कथा वसई-गोव्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. या कथांतला एक भाग आपण सोयीने विसरतो. तुकडा टाकणारा परका असेल. पण ‘आता तुम्ही आमचे नाही’ म्हणून दार लावणारे सोयरेधायरेच होते.

बटाटा आत आणि पाव बाहेर, हा न्याय कोणता? त्याचे उत्तर ‘शिधा’ या शब्दात आहे. आपल्या जुन्या आचारात कच्चा शिधा कोणाकडूनही घेता येई. वाण्याकडून घ्या, बागाइतदाराकडून घ्या, त्याला विटाळ नसे. विटाळ सुरू होई पाणी आणि विस्तव लागल्यावर. भात कोणी शिजवला, कणीक कोणाच्या हातच्या पाण्याने भिजली, हा खरा प्रश्न. म्हणून तर प्रवासाला निघताना दशम्या दुधात भिजवीत, म्हणजे त्या ओवळ्या होत नसत. कच्चा बटाटा हा शिधा होता, त्याला जात चिकटली नाही. पाव हा शिजलेले अन्न होता. त्याच्याबरोबर मळणाऱ्याचा हात आला, आणि अडचण होती ती त्या हाताची.

या अडचणीचे टोक पुण्याने १८९० साली पाहिले. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी एका व्याख्यानाच्या निमित्ताने जमली. त्यानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्याले, कोणी भिडेखातर पेला नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. नावांत टिळक होते, रानडेही होते. राजकारणात आणि सामाजिक सुधारणेत ज्यांची तोंडे दोन दिशांना, ती ही दोन माणसे एका पेल्याने एकाच पिंजऱ्यात उभी केली. पुढे टिळकांनी प्रायश्चित्त घेतले. रानड्यांनीही १८९२ मध्ये घेतले. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांना एका व्याख्यानानंतरचा चहा असा भोवला. त्याच सुमारास, १८९८ साली, दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. बिस्किटाच्या डब्यावर धर्माचे नाव घालावे लागले, यातच त्या काळाचे सारे दुखणे आले.

आता या दोन टोकांमधून आपल्या बायकांनी काढलेली वाट पाहा. ती नानकटाईची. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. सुरतेत डचांच्या वखारीसाठी पाव भाजणाऱ्या एका पारशी भट्टीकडे या पदार्थाचे मूळ सांगतात. मैदा, तूप, पिठीसाखर आणि वेलदोडा, एवढाच तिचा संसार. तूप तळहाताने हलके होईपर्यंत फेसायचे, त्यात साखर आणि मग मावेल तेवढा मैदा घालायचा. पाण्याचा एक थेंब नाही. दशमीला चाललेला न्याय नानकटाईला आपोआप लागू पडला, असे मला वाटते. घरी करायची तर पातेल्यात वाळू तापवून वर ताटली ठेवायची आणि झाकणावर निखारे. जास्त करायच्या तर भट्टीवर न्यायच्या.

माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आमच्या आळीतल्या बायका मैदा, तूप, साखर आणि रिकामा पत्र्याचा डबा घेऊन बेकरीत जात. बेकरीवाला इराणी होता. आमची आजी एरवी कडक सोवळ्याची. ती दारातच उभी राहून ‘तूप घरचे आहे, दुसरे मिसळू नका हो,’ असे चारदा बजावी. तोही ‘हो आजी’ म्हणून मान हलवी. संध्याकाळी डबा घरी येई आणि उघडताच वेलदोड्याचा वास माजघरभर पसरे. त्या नानकटाया करंज्या-अनारशांच्या शेजारी ताटात बसत आणि घरोघर जात. आजीने त्या इराण्याच्या घरचे पाणी मात्र उभ्या जन्मात घेतले नाही. तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण तिच्या डब्याने उंबरा ओलांडला होता, तिने नव्हता, ही खूण माझ्या मनातून जात नाही.

कारण याच उंबऱ्याची दुसरी बाजू फार क्रूर आहे. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर मंडपात जेवणाऱ्या माणसांवर हल्ला झाला, शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. मग तळे शुद्ध करण्यासाठी त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या. दूध, दही आणि तूप, म्हणजे आपल्याच फडताळातल्या वस्तू! दूरदेशीच्या मिरचीला ज्या समाजाने देवाच्या नैवेद्यात जागा दिली, त्याने आपल्याच गावच्या माणसाला पाण्याची जागा दिली नाही. ज्यांच्या घामावर त्या फडताळातले डबे भरत, त्यांनाच त्या घराच्या ओट्यावर बसू दिले नाही.

म्हणून मला असे म्हणावयाचे आहे की आपले स्वयंपाकघर उदार होते. पण त्याची उदारता वस्तूंपुरती होती. वस्तू आत घेतल्या, त्या आणणारे, पिकवणारे आणि भाजणारे हात बाहेर ठेवले. आज चुलीची जागा गॅसने घेतली, निखाऱ्यांची जागा ओव्हनने घेतली. ओव्हन नसेल तेथे कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, शिटी काढून, मुली घरच्या घरी केक भाजतात; आजीच्या पातेल्याचेच ते दुसरे रूप. पाव तर वड्याला पोटात घेऊन महाराष्ट्राचे अन्न होऊन बसला. पण ‘हे आमचे अस्सल अन्न आणि ते त्यांचे’ अशी भांडणे अजून ऐकू येतात. अन्नावरून भाड्याचे घर नाकारल्याचेही ऐकू येते. असे भांडण कानी आले की घरी जाऊन फडताळ उघडावे आणि एकेका डब्याला विचारावे, ‘तू कुठला?’ उत्तरे ऐकून माणूस थोडा नरम होतो, असा माझा अनुभव आहे.

आपले फडताळ अस्सल आहे, कारण त्यात परके काही नाही म्हणून नव्हे. परक्याला आपल्या फोडणीत मुरवण्याची हातोटी आपल्या बायकांना होती म्हणून. ती हातोटी त्यांनी डब्यांवर दाखवली. माणसांच्या बाबतीत ती दाखवण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे.

व्याख्यान येथे संपवतो. बाहेर चिटणिसांनी सर्वांसाठी चहा आणि बिस्किटे ठेवली आहेत, असे मला आताच सांगण्यात आले. ज्या एका पेल्यासाठी थोरामोठ्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, तो आपण सर्वांनी आज एकत्र उभे राहून घ्यावा. शेजारी कोण उभा आहे हे न विचारता घेतला, तर रानड्यांचे थोडे ऋण फिटेल.